‘काहून’च्या आधी ‘किती’

दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्यातल्या एका कापसाच्या गावात ग्रामसभा भरली. विषय घरकुलांच्या यादीचा होता. पण यादी बाजूला पडली आणि सभा एकाच प्रश्नावर अडून बसली : वर्षभरात गावात काही लेकरं व्यंग घेऊन जन्मली, हे काहून झालं? एक बाजू म्हणाली, फवारणीचं विष आहे, दुसरं काय? बाया पोटुशी असताना टाकीत पाणी भरतात, औषध कालवतात, ओल्या पऱ्हाटीतून फिरतात. दुसरी बाजू म्हणाली, विषबिष काही नाही. मामाची पोरगी सोडायची नाही, नात्यातल्या नात्यात सोयरिकी करायच्या आणि मग औषधाच्या नावानं बोंब मारायची. मागे पदर सावरून बसलेल्या बायांचं तिसरं मत ग्रहणाचं होतं, ते माइकपर्यंत पोचलंच नाही : गिऱ्हान पाळलं नसंल पोरीनं. तेव्हापासून हाच वाद टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि तालुक्याच्या पेपरात चालू आहे. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली, एवढीच माझी लायकी. पण पट मांडण्यात आणि हजेरी घेण्यात हयात गेलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच खटकते. दोन्ही बाजूंनी ‘काहून’वर गळा काढला, ‘किती’ हे कुणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ग्रामीण विदर्भात जन्मजात व्यंगांची आणि मुलांच्या विकासातल्या अडचणींची गावनिहाय, वर्षानुवर्षं चालणारी, सरकारच्या खर्चानं ठेवलेली नोंद हवी. ती नसेल तोवर फवारणीवाले आणि नात्यावाले दोघंही अंधारात काठ्या फिरवणार, आणि काठी बसणार ती आईच्या पाठीवर. त्याच वेळी दोन गोष्टी या नोंदीसाठी एक दिवसही थांबता कामा नयेत : जन्मलेल्या मुलाचे उपचार आणि गरोदर बाईला विषापासून लांब ठेवणं. मोजणी, उपचार आणि सावधगिरी एकाच बैलगाडीतून जाऊ शकतात. आपण मात्र त्यांना एकमेकांच्या दाव्याला बांधून ठेवलं आहे.

‘किती’ का विचारायचं, ते जरा फळ्यावर मांडतो. जगात कुठेही जा, अगदी फवारणीचा थेंब नसलेल्या आणि नात्यात लग्न न होणाऱ्या ठिकाणीही, शंभर जन्मांत साधारण तीन मुलं कसलं ना कसलं मोठं व्यंग घेऊन येतात. अमेरिकेतही प्रमाण जवळपास एवढंच आहे. आता दोन हजार वस्तीचं गाव घ्या. वर्षाला तीसेक बाळंतपणं. म्हणजे सरासरीनं वर्षाला एक मूल. पण सरासरी म्हणजे वाटणी नव्हे. फरशीवर मूठभर तांदूळ भिरकावले तर प्रत्येक चौकोनात सारखे पडतात का? काही चौकोन कोरे राहतात, कुठे चार दाणे एका ठिकाणी येतात. अशी शंभर गावं घेतली, तर निव्वळ योगायोगानं सदतीसेक गावांत त्या वर्षी एकही असं मूल जन्मणार नाही आणि दोनेक गावांत चार किंवा जास्त जन्मतील. त्या दोन गावांत ग्रामसभा होणार, पेपरवाले येणार, पाण्याचे नमुने जाणार. सदतीस गावं म्हणणार, आमच्याकडे तर काही नाही बाप्पा. दोघांनाही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं वाटणार आणि दोघांचंही अनुमान चुकणार.

याचा अर्थ गावकरी उगाच घाबरतात असा काढला, तर तेही चूक. चार मुलं योगायोगानं आली असतील, तशीच ती विहिरीमुळे, औषधामुळे, एखाद्या तापाच्या साथीमुळेही आली असतील. फरक ओळखायचा एकच मार्ग आहे : शेजारची नव्याण्णव गावं आणि मागची दहा वर्षं. ती कुठे आहेत? यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार होती. हजारी पंधराचा जन्मदर धरला, तर वर्षाला चाळीस हजारांवर जन्म. शेकडा तीनच्या हिशेबानं बाराशेच्या आसपास मुलं, दर वर्षी, एका जिल्ह्यात, आणि तेही सगळं जगासारखंच आहे असं धरून. ही बाराशे मुलं कोणत्या कागदावर आहेत? जन्माच्या नोंदीच्या अर्जात बाळाचं वजन विचारतात, प्रसूती कशी झाली ते विचारतात, गरोदरपणाचे आठवडे विचारतात. बाळात काही व्यंग होतं का, हा रकाना नाही. काही मोठ्या इस्पितळांनी आपापल्या परीनं नोंदी ठेवल्या आहेत. पण इस्पितळात कोण पोचतं? ज्याच्याकडे गाडीभाडं आहे तो. ज्या लेकराच्या डोक्याची कवटीच पुरी बनलेली नसते ते बहुधा मृतच जन्मतं किंवा काही तासांत जातं. ते मृत्यूच्या रकान्यात जातं आणि तिथेच विषय संपतो.

मोजणी कशी फसते हे मी हातात कागद धरून पाहिलं आहे. २०११च्या जनगणनेला आम्ही मास्तर लोक घरोघर फिरलो. घरात कुणी अपंग आहे का, हा प्रश्न यादीत होता. दारात उभं राहून, सासरा खाटेवर बसलेला, शेजारीण कुंपणापलीकडून ऐकते आहे, अशा वेळी तो प्रश्न विचारायचा. उत्तर ठरलेलं : नाही. आतून मात्र सात-आठ वर्षांच्या पोराचा, शब्द न फुटणारा आवाज यायचा. त्या घरातला एक मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याला धाकटा भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी ‘नाही’ असंच लिहिलं, कारण सूचना तशी होती : घरचे सांगतील ते लिहा. त्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण निघालं २.२१ टक्के. पुढे २०१८मध्ये देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलं प्रशिक्षित माणसांनी प्रत्यक्ष तपासली होती. ऐकणं, बोलणं, शिकणं, हालचाल, झटके, स्वमग्नता असं सगळं धरून साधारण आठांतल्या एका मुलाला काहीतरी अडचण होती. व्याख्या वेगळ्या, वयोगट वेगळे, हे मान्य. तरीही कुठे दोन टक्के आणि कुठे आठात एक? आणि ती पाच ठिकाणं कोणती? पलवल, कांगडा, धेनकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद. महाराष्ट्रातलं एकही नाही. विदर्भातल्या मुलांबद्दल आपण जे बोलतो ते कांगड्याच्या डोंगरावरून उसनं आणलेलं आहे.

तान्ह्या पोळ्याला आपण मारबत, म्हणजे पिडेची बाहुली, काढतो. ईडा-पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणत तिला वेशीबाहेर नेऊन जाळतो. मला ती प्रथा आवडते. लहानपणी सगळ्यात पुढे ओरडणारा मीच असायचो. पण कारणांचीही मारबत करता येत नाही. एका गटानं औषधाची बाहुली केली, दुसऱ्यानं मामेबहिणीची. जाळल्याचं समाधान मिळतं आणि पुढच्या वर्षी बाळंतपणाच्या खोलीत तेच दिसतं.

कारणं सापडली आहेत ती कशी सापडली, ते पाहा. १९४१ साली सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यानं आयांना विचारलं, त्यांचं ऐकलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला अंगावर पुरळ आलं होतं, असं एकीमागून एक सांगू लागली. आपली आणि सहकाऱ्यांची मिळून ७८ बाळं त्यानं कागदावर मांडली आणि रुबेला या किरकोळ समजल्या जाणाऱ्या आजाराचं खरं रूप जगाला दिसलं. आपल्याकडे २०१८च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली, तिचं मूळ त्या ७८ बाळांच्या यादीत आहे. त्या मोहिमेत माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप शाळेच्या फाटकाशी येऊन भांडले होते, हे ओघात आठवलं. पुढे १९६१मध्ये जर्मनीत आणि ऑस्ट्रेलियात दोन डॉक्टरांनी थॅलिडोमाइड या गोळीवर बोट ठेवलं. तोवर ती बाजारात येऊन चार वर्षं झाली होती आणि हात-पाय खुंटलेली हजारो मुलं जन्मली होती. त्या धक्क्यातून अनेक देशांनी जन्मजात व्यंगांच्या कायमच्या नोंदवह्या सुरू केल्या. १९८२ साली फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळच्या अशाच एका नोंदवहीतून दिसलं, की झटक्यांवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांत पाठीचा कणा दुभंगलेला असण्याचं प्रमाण जास्त आहे. ही वही नसती तर? त्या आयांना कुणीतरी नक्कीच सांगितलं असतं, की तुमच्या घराण्यातच दोष आहे.

वही दोषी ठरवते तशी निर्दोषही ठरवते, हे फवारणीवाल्यांनी आणि कंपनीवाल्यांनी दोघांनी लक्षात घ्यावं. गरोदर बायांच्या उलट्यांवर अमेरिकेत बेंडेक्टिन नावाची गोळी होती. तिच्यामुळे व्यंगं होतात म्हणून शेकडो दावे लागले आणि १९८३मध्ये कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. मग काय झालं? व्यंगांचं प्रमाण होतं तसंच राहिलं. वाढली ती उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात भरती होणाऱ्या बायांची संख्या. हे कळलं ते आधीचे आणि नंतरचे आकडे लिहिलेले होते म्हणून. त्याच घटकांची गोळी आज आपल्या तालुक्यातले डॉक्टरही बिनधास्त लिहून देतात.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेतो, आणि तो जड आहे हे मनापासून मानतो. फवारणीविरुद्ध बोलणारे म्हणतात : मास्तर, पुरावा आणा, अभ्यास करा, हे तर कंपन्यांचंच पालुपद आहे. अभ्यास होईस्तोवर दोन पिढ्या जातील. त्यांचं खोटं नाही. केरळातलं कासरगोड आठवा. काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०००पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं गेलं. गावातल्या एका डॉक्टरला रुग्णांत विचित्र आजार आणि व्यंगं दिसू लागली. मग समित्या आल्या. एका सरकारी संस्थेच्या अभ्यासानं संबंध दिसतो म्हटलं, दुसऱ्या समितीनं नाही म्हटलं. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते औषध देशभर बंद केलं, २०१७मध्ये प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं, तरी कार्यकारणाचा वाद आजही मिटलेला नाही. तो का मिटला नाही? फवारणी सुरू होण्याआधी त्या गावांत किती मुलं व्यंग घेऊन जन्मत होती, हे कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. मागे जाऊन मोजता येत नाही. ‘पुरावा आणा’ म्हणणाऱ्याच्या हातात हत्यार कशानं आलं? नोंद नसल्यानं. ज्याला अभ्यासाच्या नावाखाली होणारी टोलवाटोलवी थांबवायची आहे, त्यानं आज वही मागितली पाहिजे. दहा वर्षांनी आपल्याला कुणी विचारलं, आधी किती होतं, तर तेव्हा आपणही पुन्हा हात चोळतच बसणार का?

आणि गरोदर बाईनं औषध कालवू नये, यासाठी व्यंगाचा पुरावा लागतोच कशाला? २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ते विष आहे हे त्या वर्षी पुरेसं सिद्ध झालं. तेव्हाही पहिली प्रतिक्रिया काय होती? तोंडाला फडकं बांधलं नाही, हातमोजे घातले नाहीत, वारा पाहिला नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, रबरी सूट घालून कुणी फवारून दाखवावं. त्या वर्षीच्या मेलेल्यांचा आकडा निदान समोर आला, कारण ते मेडिकल कॉलेजच्या खाटांवर मेले. पोटातल्या बाळावर काय झालं, हे विचारायला खाटही नव्हती आणि रकानाही नव्हता. म्हणून सांगतो : फवारणीच्या दिवसांत गरोदर मजूर बाईला बुडालेली रोजी मिळावी, तिला टाकीजवळ जाऊ देऊ नये, रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी भरू नये. हे सगळं उद्यापासून करता येतं. संशोधनानं यातलं काहीही अडवलेलं नाही. अडवलंय ते पैशानं.

पण फवारणीनंच व्यंगं होतात, हे म्हणायचं असेल तर ते तपासायचीही सोय आहे आणि ती फार महाग नाही. बाळाचा मेंदू आणि कणा जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, हृदय पहिल्या दोन महिन्यांत आकाराला येतं. म्हणजे बाळंतपणाच्या तारखेपेक्षा शेवटच्या पाळीची तारीख मोलाची. आशाताईकडे ती तारीख असतेच. ऑगस्ट ते ऑक्टोबर या धूमधडाक्याच्या फवारणीत ज्यांना दिवस गेले आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ज्यांना गेले, त्यांच्या बाळांत फरक आहे का? कपाशीच्या गावांत आणि धानाच्या गावांत आहे का? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अशाच प्रकारची तुलना झाली होती आणि फवारणी करणाऱ्या कुटुंबांतल्या बाळांबाबत ऋतूंमधला फरक दिसला होता. मात्र इथे थोडं थांबावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे फवारणीबरोबर ताप येतो, हिवताप-डेंग्यू येतो, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, बाई वाकून निंदणाला जाते आणि ताटात भाकरीबरोबर तेलमीठ असतं. फरक दिसला तरी तो कशाचा, हे सोडवायला अभ्यासक लागेल. तो अभ्यासक येईल तेव्हा त्याला पाहायला वही तर हवी!

नात्यातल्या लग्नाबद्दल बोलणाऱ्यांचाही मुद्दा पोकळ नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नात जन्मजात आजारांचा धोका वाढतो, हे विज्ञान सांगतं. किती वाढतो, हे मात्र सभेत कुणी सांगत नाही. शंभरात तीनाच्या जागी साधारण पाच-सहा. म्हणजे अशा लग्नांतलीही शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं मोठ्या व्यंगाशिवाय जन्मतात, आणि उलट बाजूनं पाहिलं तर नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही पाळणा असाच हलतो. तेव्हा ‘नात्यात केलं म्हणून झालं’ हे एखाद्या घराकडे बोट दाखवून म्हणता येत नाही. गोंडांमधल्या दूध लौटाव्याच्या, म्हणजे मामे-आते भावंडांत सोयरिक करण्याच्या, रीतीवर ज्या सहजतेनं शिकलेले लोक तोंड टाकतात, त्यांच्यापैकी कितींनी स्वतःच्या कुळातल्या मामे-आते सोयरिकी मोजल्या आहेत?

बायांच्या गिऱ्हानाला हसणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटत नाही. ग्रहणात चिरलं म्हणून बाळाचा ओठ चिरला, हे खोटंच. पण गरोदरपणाच्या एका ठरावीक वेळी काहीतरी घडलं आणि त्याची खूण बाळावर उमटली, ही त्यातली विचाराची चाल ग्रेगच्या चालीपेक्षा फार वेगळी नाही. वाईट एवढंच, की तिचा शेवट दर वेळी बाईच्या विळीपाशी होतो. आणि पाहायला गेलं तर नात्यावाल्यांचा आणि ‘फडकं बांधलं नाही’वाल्यांचाही शेवट तिथेच होतो : चूक तुमचीच. ज्या कारणांत व्यवस्थेची चूक निघेल ती कुणाच्या तोंडी येत नाहीत. त्या पाच ठिकाणांच्या अभ्यासात कोणत्या गोष्टींचा संबंध दिसला? बाळ उशिरा रडलं, जन्मल्यावर लगेच आजारी पडून भरती करावं लागलं, वजन कमी भरलं, मूल खुरटलं. आपल्या ग्रामसभेत यातलं एकही आलं नाही. रात्री दोनला उपकेंद्राला कुलूप होतं, गाडी यायला तीन तास लागले आणि बाळ उशिरा रडलं, यावर कुणी मोर्चा का काढत नाही? फोलिक आम्लाची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतली तर कणा दुभंगण्याचा धोका बराच कमी होतो. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा बायांत तो ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानं दाखवलं. आपल्याकडे गोळी हातात पडते ती नाव नोंदवल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तोवर ते २८ दिवस केव्हाच सरलेले असतात. ही चूक कुणाच्या नात्याची?

आणखी एक आक्षेप माझ्याच घरातून आला. माझी मोठी सून अंगणवाडीत आहे. ती म्हणाली, बाबा, मोजून काय करता? उपचार आहेत का? तिचं म्हणणं मी खोडू शकलो नाही. नुसतं वळवू शकलो. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, जन्मजात व्यंगांपासून विकासातल्या विलंबापर्यंत तीस गोष्टी पाहतात, मूल सापडलं तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. आपल्या राज्यातल्या पालघरमध्येच या कार्यक्रमाची सुरुवात झाली होती. कागदावर उत्तम. पण वाकड्या पावलाच्या बाळाला दर आठवड्याला नवं प्लास्टर लागतं, पाच-सहा आठवडे, आणि मग काही वर्षं रात्री बूट. ते वेळेवर झालं तर पोरगं धावतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे दोघांची रोजी बुडाली, एसटीचे पैसे गेले, आणि मधल्या एका आठवड्यात बाजार किंवा पाऊस आला की प्लास्टर तिथेच सुटलं. सुनेला मी एवढंच विचारलं : हे प्लास्टर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर मंगळवारी व्हावं असं मागायचं असेल, तर साहेब पहिला प्रश्न काय विचारेल? ती हसली. ‘पेशंट किती?’ आकडा नसला की मागणी विनंती होते आणि विनंतीला तारीख नसते. बालमृत्यूंचं असंच झालं होतं. २००१च्या सुमारास गडचिरोलीच्या ‘सर्च’नं इतर संस्थांना सोबत घेऊन गावोगावचे बालमृत्यू मोजले आणि सरकारी कागदावर ते किती कमी येतात हे दाखवलं, तेव्हा मुंबईतली खुर्ची हलली.

पण नोंदीला धार असते, हे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं आपल्याला शिकवलं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८मध्येच लिहिलं होतं. पुढे तपासण्या वाढल्या, कार्डं आली. २०२३पासून तर देशव्यापी मोहीमच आहे. त्यातून अनेकांचे जीव वाचले. अनेक पोरींची लग्नंही मोडली. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगायला कुणी बसलं नाही. कार्ड मात्र गावभर फिरलं. माझ्या एका विद्यार्थिनीचा साखरपुडा कार्डावरून मोडला आणि ज्यानं मोडला त्यानं स्वतः तपासणी केलेलीच नव्हती. म्हणून नोंद हवी म्हणताना ती नावानिशी चावडीवर नको, हेही तितक्याच ठासून म्हटलं पाहिजे. नाव उपचार करणाऱ्याकडे, आकडा अभ्यासकाकडे. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांचा आक्षेप तर याहून खोल आहे. ते विचारतात, तुम्ही व्यंग मोजता ते आमच्यासारखी माणसं जन्मूच नयेत म्हणून ना? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा माणूस अप्रामाणिक. माझ्या वर्गात ऐकू न येणारी एक मुलगी चार वर्षं शेवटच्या बाकावर बसली. मी तिला मठ्ठ समजत होतो. तिच्या बाबतीत चूक तिच्या जन्मानं केली नव्हती, मी केली होती. जन्मल्यावर महिनाभरात तिचे कान तपासले गेले असते तर तिला यंत्र मिळालं असतं, खुणांची भाषा मिळाली असती. ती मोजली गेली नाही म्हणून कमी झाली नाही. फक्त तिला काहीच मिळालं नाही. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यात सिकलसेलही आलं. हक्क कागदावर वाढले आणि हक्कदारांची यादी रिकामी, याला काय म्हणावं?

राहता राहिली आशाताई. तिच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आणि इतकी ॲपं आहेत, की आणखी एक दिलं तर ती ते माझ्यासारखंच भरेल : ‘नाही, नाही, नाही.’ म्हणून नवं रजिस्टर नको. आहे त्याच प्रसूतीच्या नोंदीत चार रकाने पुरतील : दिसणारं व्यंग आहे का, कोणतं, शेवटची पाळी कधी, बाळ लगेच रडलं का. जिवंत-मृत दोन्ही बाळांसाठी. आणि त्याचे वेगळे पैसे. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना हे जमणार नाही, असं शहरातला माणूस म्हणतो. गडचिरोलीतल्या ३९ गावांत तशाच बायांनी नव्वदच्या दशकात घरोघरी नवजात बाळं तोलली, श्वास मोजले, जन्म-मृत्यू लिहिले, आणि त्यांच्या कामावर उभा राहिलेला अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एक अट मात्र गावानं घालावी. नमुने घेऊन गेलेली गाडी परत आलीच नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. जे मोजाल ते वर्षातून एकदा त्याच ग्रामसभेत येऊन सांगा. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, असाल तर कोलामीतून सांगा.

त्या दिवाळीआधीच्या ग्रामसभेचा ठराव मी मागवून वाचला. फवारणीची चौकशी करावी, असा एक परिच्छेद आहे. समाजात नात्यातल्या विवाहांविषयी जागृती करावी, असा दुसरा. दोन्ही बाजूंची समजूत निघाली आहे. मुलं किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. ग्रामसेवकाला विचारलं तर म्हणाला, गुरुजी, ते काय लिहायचं, सगळ्यांनाच माहीत आहे. मग मी सगळ्यांना विचारत गेलो. सरपंच पाच म्हणाला. टपरीवाला सात. ज्यानं पेपरात बातमी दिली तो ‘अनेक’ म्हणाला. आशाताईनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि दोन सांगितली. तिसऱ्या बाळाचं काय, म्हटल्यावर तिनं पान मागे घेतलं. ते मेलेलंच जन्मलं होतं. तिनं त्याला ‘उपजत मृत्यू’मध्ये टाकलं होतं, आणि तिथे कारण लिहायला जागा नव्हती म्हणून समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : डोकं नव्हतं.